मांजरीच्या पिल्लाला एकच लस तीन वेळा कशाला?

अळूवडी:
मंडळी जरा मदत करा. मागच्या रविवारी धो धो पावसात आमच्या स्कूटरच्या मागच्या चाकाशी एक पिल्लू केकाटत बसलं होतं, दोन दिवस वाट बघितली पण आई काही फिरकली नाही, मग शेवटी वर घेऊन आले. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, आमचं बहुतेक आठवं 😀 रवा मोजायच्या काट्यावर ७२० ग्रॅम भरलं. व्हेट म्हणाले ७-८ आठवड्यांचं असेल, जंताचं औषध दिलं आणि आठवड्याने ट्रायकॅटला, म्हणजे मांजरांच्या तीन आजारांवरच्या एकत्र लशीला, बोलावलंय. मग म्हणे महिन्याने परत, त्यानंतर अजून एकदा, आणि रेबीजची वेगळीच. सासूबाईंचं म्हणणं, खिडकीला जाळी आहे, घरातच राहणार, एवढ्याशा जिवाला किती टोचणार? खरं तर मलाही प्रश्न पडलाय की एकच लस तीनदा का. हां आणि काल खेळताना मनगटाला ओरखडलंय त्याने, थोडं रक्त आलं, हळद लावलीये.

ठाणेकरीण:
अगं बाई, शेवटचं वाक्य पहिलं लिहायचं ना! हळद धुवून काढ, साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं, घड्याळ लावून. आणि आजच्या आज महापालिकेच्या नाहीतर सरकारी दवाखान्यात जा, तिथे रेबीजची लस फुकट मिळते. रक्त आलंय म्हणजे जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागेल, ते डॉक्टरांना आपणहून विचार. पहिला डोस तो दिवस शून्य, मग ३, ७ असे पुढचे, एकही चुकवू नकोस. पिल्लू छान खेळतंय, बघू दहा दिवस, असं करत बसू नकोस. आणि पिल्लाला आता लस दिली म्हणून तुझं भागत नाही.

बोकोबा:
ओरखड्याचं वर आलंच आहे, मी तीन डोसचं सांगतो. खरवसाचा चीक माहितीये ना, तसा मांजरीलाही येतो, आणि त्यातून पिल्लाला आईची प्रतिकारशक्ती मिळते. ती अंगात असेपर्यंत बाहेरून दिलेली लस ती वायाच घालवते. आता ती उतरते कधी? कुणाची ८ आठवड्यात, कुणाची १४-१५ पर्यंत टिकते, वरून बघून कळत नाही. म्हणून दर ३-४ आठवड्यांनी देत राहायचं आणि शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावरच, तो सगळ्यात महत्त्वाचा आणि लोक नेमका तोच टाळतात. रेबीज १२ आठवड्यांनंतर, मग वर्षाने परत. कार्डावर बाटलीचं स्टिकर लावून घ्या. टोचल्यावर अर्धा तास तिथेच थांबा, तोंड सुजलं किंवा उलट्या झाल्या तर लगेच दाखवता येतं. एखादा दिवस मलूल राहील, तेवढं चालतं, पण ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल अजिबात देऊ नका, मांजराला ती विष आहे.

मनीची_आई:
सासूबाईंना माझं सांग. आमची मनी कधी दाराबाहेर गेली नाही. पहिला डोस झाला, दुसऱ्याच्या वेळी माझं ऑडिट चालू होतं, म्हटलं पुढच्या आठवड्यात जाऊ, असे तीन आठवडे गेले. एका सकाळी खाल्लं नाही, संध्याकाळी पाण्याच्या वाटीवर मान टाकून नुसती बसून होती, पाणी पीत नव्हती. पॅनल्यूकोपेनिया, विषाणूमुळे होणारा मांजरांचा जीवघेणा आजार, ट्रायकॅट ज्या तिन्हींवर असते त्यातलाच एक. पांढऱ्या पेशी पार खाली, सलाईन लावलं, चौथ्या दिवशी गेली. मी खाली भटक्या मांजरांना खायला घालायचे, त्याच चपला घालून घरात यायचे, तिथूनच आलं असणार. हा विषाणू घरात वर्षभरसुद्धा टिकतो, सॅनिटायझरने मरत नाही, ब्लीचच लागतं. तिचं अंथरूण, शी-शूचा ट्रे सगळं फेकलं. दुसरं मांजर आणायला दीड वर्ष थांबले, आणि आणलं ते मोठं, सगळे डोस झालेलं. तुमच्याकडे जाळी आहे ते चांगलंच, पण चपला दाराबाहेर ठेवा.

अळूवडी:
मनीची_आई, वाचून पोटात गोळा आला. दवाखान्यात जाऊन आले, जखमेतलं इंजेक्शन जाम दुखलं, दंडावरचं काहीच नाही. पुढचा डोस शुक्रवारी. पिल्लाच्या तारखा कालनिर्णयवर लिहिल्यात, माझ्या निळ्या पेनाने, त्याच्या लाल. सासूबाईंनी तुमची पोस्ट दोनदा वाचून घेतली, बोलल्या काही नाहीत, पण चपलांचं कपाट मात्र आज जिन्यात गेलंय आणि सेक्रेटरींचा फोन येऊन गेलाय.