मेसन बेट्सचा लॅपटॉप: सिम्फनीतलं वाद्य की वरून ओतलेला ठेका?

खर्जातला_पंचम
अमेरिकेत मेसन बेट्सइतकी मागणी फार थोड्या हयात संगीतकारांना आहे. जन्म १९७७ चा, न्यूयॉर्कच्या जुलियार्ड संगीतशाळेचा विद्यार्थी, बर्कलीची डॉक्टरेट, रात्री क्लबात 'डीजे मेसॉनिक'. २०१० ते २०१५ शिकागो सिम्फनीचा निवासी संगीतकार, २०१५ पासून काही वर्षं वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये तेच पद होतं. ऑर्केस्ट्रासाठीच्या रचनांत इलेक्ट्रॉनिक आवाज मिसळतो आणि ते वाजवायला मागे तालवाद्यांच्या रांगेत लॅपटॉप आणि ड्रमपॅड (बोटाने मारला की साठवलेला आवाज सोडणारी पाटी) घेऊन स्वतः बसतो.

माझं मत: इलेक्ट्रॉनिक्स हे त्याच्या संगीताचं हाड नाही, पेहराव आहे. 'मदरशिप' (२०११, सिडनी) घ्या. साधारण नऊ मिनिटांची रचना, मधे एकल वादक येऊन उत्स्फूर्त वाजवून जातात. त्यातला ठेका काढला तर उरतं ते नीटनेटकं, चकचकीत आणि आधी ऐकल्यासारखं. कार्यक्रमाच्या सुरुवातीला नऊ मिनिटांचं काहीतरी 'नवं' हवं असलेल्या व्यवस्थापकांना ते सोयीचं पडतं, एवढंच.

मींड
एका 'मदरशिप'वरून सगळा माणूस मोजताय. 'लिक्विड इंटरफेस' (२००७) सुरू होतं तेच अंटार्क्टिकातल्या हिमनद्यांचे कडे कोसळण्याच्या ध्वनिमुद्रणाने. 'बी-साइड्स'च्या एका भागात १९६५ च्या जेमिनी मोहिमेतला अंतराळवीरांचा संवाद आहे. 'अल्टरनेटिव्ह एनर्जी'त (२०१२) फर्मीलॅब या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या कणत्वरकाचे आवाज आहेत आणि पहिला भाग १८९६ सालच्या हेन्री फोर्डच्या शेतावर घडतो. ही माणसाने गोळा केलेली ध्वनिसामग्री आहे. हिला ठेका कसं म्हणणार?

दुसरं, ठेका वगळून त्याला लिहिता येतं. २०१२ चं व्हायोलिन कन्चेर्टो (एकल व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्राची रचना) आणि २०१५ चं 'अँथॉलॉजी ऑफ फँटॅस्टिक झूऑलॉजी' यांत लॅपटॉप नाही. कुबडी लागणारा माणूस ती घरी ठेवून रंगमंचावर येत नाही.

ध्वनीमिस्त्री
वाद सौंदर्याचा चाललाय, पण निम्मं गणित सभागृहात बिघडतं. तेवढं नोंदवून ठेवतो.

आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. तालवाद्यं पहिल्या व्हायोलिनांच्या मागे १२ ते १५ मीटरवर, म्हणजे त्यांचा आवाज पुढे पोचायला ३५ ते ४४ मिलिसेकंद. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत मात्रेचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा. आता लॅपटॉपचा ठेका रंगमंचाच्या तोंडाशी टांगलेल्या स्पीकरांतून सोडला, तर श्रोत्याला ठेका आधी आणि खरा ड्रम मागाहून ऐकू येतो. मग सगळे म्हणतात, "ऑर्केस्ट्रा ढिला पडला." ढिला कोणी पडलेला नसतो. पुढच्या स्पीकरांना तेवढाच उशीर द्यायचा, किंवा दोन लहान स्पीकर तालवाद्यांजवळच ठेवून पुढचे मंद ठेवायचे. दुसरा उपाय मला पसंत: आवाज वादकांच्या मधून येतो, माथ्यावरून नाही.

शिवाय सभागृहाची गुंज, म्हणजे आवाज थांबल्यावरही घुमत राहणं. सिम्फनीसाठी बांधलेल्या दालनात ती दोन सेकंदांच्या आसपास, म्हणजे १२० च्या लयीत चार मात्रा. क्लबातला जाड किक, म्हणजे ठेक्यातला खालचा ढोलासारखा ठोका, तिथे चिखल होतो आणि त्याखाली डबल बास गाडले जातात. किक आखूड करा, ६० हर्ट्झच्या आसपास कापा.

स्वराचंही तेच. बरेच ऑर्केस्ट्रा 'ए' हा आधाराचा स्वर ४४२ हर्ट्झला लावतात आणि सिंथेसायझर जन्मजात ४४० वर. फरक जेमतेम आठ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), पण लांब धरलेल्या स्वरावर डोलायला लागतो. तालमीआधी ओबोवादकाला आकडा विचारा, त्याच्याच स्वराला सगळे जुळवतात. ऐन तालमीत बदलायला गेलं की साठवलेले आवाज नव्याने बसवण्यात वेळ जातो आणि तालमी मुळात दोन-तीनच असतात.

खर्जातला_पंचम
मिस्त्री, हे सोन्यासारखं लिहिलंत. पण त्यातूनच माझा मुद्दा पुढे जातो. एवढी उस्तवार करून शेवटी मिळतं काय? फिनलंडची दिवंगत संगीतकार काइया सारिआहो बघा. १९८२ मध्ये ती पॅरिसच्या इर्काम या संगीत-संशोधन संस्थेत गेली. 'लिख्टबोगेन' (१९८६) लिहिताना तिने चेलोच्या आवाजांचं संगणकावर विश्लेषण केलं आणि त्यातून वाद्यांचे स्वरसमूह काढले. गज जास्त दाबला की स्वर खरखरीत होतो, घोडीजवळ नेला की काचेसारखा. त्या दोन टोकांमधला प्रवास हीच रचना. तिथे यंत्र लेखणीत शिरलंय. बेट्सचं यंत्र बाजूला बसून वाजतं.

मींड
मान्य, सारिआहो वेगळ्या उंचीवरची आहे. पण तिच्या मापाने बेट्सला मोजणं म्हणजे ख्यालाच्या मापाने लावणी मोजणं. तिला आवाजाचं पोत उलगडायचंय, याला लय आणि गोष्ट. 'द (आर)इव्होल्यूशन ऑफ स्टीव्ह जॉब्स' हा ऑपेरा २०१७ ला सांता फेला झाला, त्याच्या ध्वनिमुद्रणाला २०१९ मध्ये ग्रॅमी मिळालं. त्यात यंत्राचा आवाज नसेल तर पात्रच अर्धं राहतं.

ध्वनीमिस्त्री
तुम्ही दोघंही एक गोष्ट विसरताय: संगीतकार लॅपटॉपवर नसेल तेव्हा काय? सलग एकच फाइल असेल तर संचालकाच्या कानात क्लिक (मात्रा मोजणारी टिकटिक) द्यावा लागतो, आणि मग रुबाटो, म्हणजे लय मनासारखी ताणणं, विसरा. ट्रंपेटने श्वास जास्त घेतला तरी फाइल थांबत नाही. तुकडे पाडून पॅडवर ठेवले तर वादक संचालकाच्या काठीकडे बघून सोडतो, लय थोडी ताणता येते. पण मग पॅडवर बसणारा तालवादक मुरलेला हवा, नुसतं बटण दाबणारा चालत नाही. बफर, म्हणजे लॅपटॉप आवाज सोडण्याआधी जमवतो तो साठा, १२८ नमुन्यांचा ठेवा, ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४८ हजार नमुने) तो तीनेक मिलिसेकंद होतो. ५१२ केला तर अकराच्या जवळ जातो आणि हाताला जाणवतो. तीच फाइल उघडलेला दुसरा लॅपटॉप शेजारी चालू ठेवा.

खर्जातला_पंचम
म्हणजे वीस वर्षांनी ती फाइल उघडणारं सॉफ्टवेअर नसेल, तर 'मदरशिप'चं काय होणार?

ध्वनीमिस्त्री
सुटे आवाज साध्या वेव्ह फाइलींत आणि कुठला कुठे पडतो ते स्वरलिपीत लिहिलेलं असेल, तर काहीच होणार नाही. नवीन पॅडवर पुन्हा चढवायचे. नुसता सॉफ्टवेअरचा प्रकल्प जपला असेल, तर मात्र तुमची शंका बरोबर.