मन नवं होतं म्हणजे नेमकं काय होतं? तुमचे अनुभव लिहा

मंडळी, बायबलमधलं रोमकरांस पत्र १२:२ आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे, या जगासारखे होऊ नका, मनाच्या नवीकरणाने बदलून जा. पण चर्चमध्ये आपला अनुभव सांगायला, म्हणजे साक्ष द्यायला उभं केलं की सगळे थेट "प्रभूने मला बदललं" वर येतात, मधला भाग गायब. इथे तो मधला भाग लिहा. फसलेलं असलं तरी चालेल.

सुरुवात मीच करतो. मी वेंगुर्ल्याचा. चुलतभावाने आमचा बांध सरकवला, हापूसची तीन कलमं त्याच्याकडे गेली, आणि पुढची चार वर्षं मी उपासनेत तोंडाने गीत आणि डोक्यात सातबारा असाच बसलो. एकदा पाळकसाहेबांनी सांगितलं की त्या वचनातला बदलण्याचा ग्रीक शब्द आणि मार्कच्या शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायात डोंगरावर येशूचं रूपांतर झालं तिथला शब्द एकच आहे, आणि ते पत्र लिहिणारा पौल "बदला" नाही तर "बदलले जा" म्हणतो. म्हटलं मग मी काय करू, हात बांधून बसू? ते म्हणाले, बांध आठवला की चुलतभावाचं नाव घेऊन प्रार्थना कर, बाकी काही मागू नको. पहिला महिना दातओठ खाऊनच नाव घेतलं. केस अजून चालू आहे, तारखा पडतायत. पण या मे महिन्यात तो पडलेले आंबे वेचताना दिसला आणि मी वरून हाक मारली, "अरे, टोपली हवी काय?" बोलून गेल्यावर मलाच कळलं काय बोललो ते.

वसईची ताई: मी कॅथलिक, नोकरी चर्चगेटला. आमच्याकडे संत इग्नेशियसची दिवसाच्या आढाव्याची प्रार्थना आहे, आधी आभार, मग देवाकडे प्रकाश मागायचा, मग सकाळपासूनचा दिवस डोळ्यांसमोर आणायचा, चुकलं तिथे क्षमा, आणि शेवटी उद्यासाठी कृपा. मी ती विरार फास्टमध्ये उभ्या उभ्या करते, बोरिवली ते वसई. वाटलं होतं मोठी मोठी पापं सापडतील, सापडलं काय तर तिघींच्या बाकावर चौथी म्हणून टेकायच्या जागेवरून रोज त्याच बाईवर मी खेकसते! तीन आठवडे तेच. लाज वाटली म्हणून तिचं नाव विचारलं. आता ती माझी पिशवी मांडीवर घेते. (सासूबाईंच्या बाबतीत मात्र अजून काही झालेलं नाही, खोटं कशाला बोलू.)

उत्तनचा कोळी: लिहायची सवय नाय, समजून घ्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ६१ दिवस होडी वर ओढलेली, मग आम्ही काय करणार, जाळी तुणायची, मोबाईल बघायचा, आणि चार वाजले की बाटली. बायको म्हणाली जाळ्याजवळ बायबल ठेवा. ठेवलं. मार्कचे १६ अध्याय, पहिल्यातच याकोब आणि योहान नावेत जाळी नीट करत बसलेले, मी हसलोच, हे तर आपलंच. फादरना सांगितलं तर ते म्हणाले तिथला नीट करण्याचा ग्रीक शब्दच पौल गलतीकरांस ६:१ मध्ये वापरतो, पडलेल्या भावाला सावरा म्हणतो तिथे. आता बघा, जाळं फाटलं तर नुसती गाठ मारून चालत नाय, आधी सुरीने भोक कापून मोठं करावं लागतं, कडा साफ झाल्याशिवाय नवी गाठ बसत नाय. मी नुसती बाटली सोडत होतो आणि चार वाजता ओट्यावर त्याच मित्रांत बसत होतो. ते बसणंच कापलं. मित्र तुटले, वाईट वाटतं अजून. दोन पावसाळे झाले, मध्ये एकदा परत प्यालो, नाताळात.

रत्नागिरीहून: एक सांगते, मला घाबरण्याचा आजार आहे आणि "मन नवं कर, गोळ्या कशाला" असं प्रार्थनेला येणाऱ्या एका बाईंनी ऐकवलं म्हणून मी गोळ्या बंद केल्या आणि पंधरा दिवस झोपले नाही. आता गोळीही घेते आणि स्तोत्र १ पण हळू आवाजात पुटपुटते. तिथे मनन म्हणून जो हिब्रू शब्द आहे तोच यशया ३१:४ मध्ये भक्ष्यावर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आहे, म्हणजे तोंडातल्या तोंडात आवाज करत राहणं. मला ते जमतं. गप्प बसून ध्यान नाही जमत.

धागा काढणारा: उत्तनचे दादा, भोक मोठं करायचं हे मी कुठल्याच प्रवचनात ऐकलं नव्हतं. चुलतभावाच्या बाबतीत मी अजून वरूनच टाके घालतोय.

उत्तनचा कोळी: मग पहिल्या ओढीत फाटेल भाऊ. पावसात या इकडे, सुरी कशी धरायची दाखवतो.