माफ करणं म्हणजे गप्प बसणं नव्हे

एकांनी असं लिहिलंय की ख्रिस्ती माणसाने माफ करावं आणि गप्प बसावं. हे मला अजिबात पटत नाही. बायबलमध्ये मत्तय 18:15-17 मध्ये सरळ क्रम दिलाय: ज्याने तुझा अपराध केला त्याच्याकडे आधी एकट्याने जा, ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत ने, तरी नाही तर मंडळीला, म्हणजे चर्चच्या सभासदांना सांग. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. चर्चमधली उपासना सुटली की आवारात चौघांना कळतं, मग पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) कानावर जातं आणि ज्याच्याशी बिनसलंय त्याला सगळ्यात शेवटी. तोवर दोन गट पडलेले असतात.

एकट्याने बोलताना एकच घटना आणि एकच मागणी ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर तर नकोच. शिरोलीच्या फाउंड्रीत पाळी बदलताना "तुम्ही नेहमीच उशिरा येता" म्हटलं की समोरचा वादच घालणार. त्यापेक्षा, "सोमवारी तुम्ही अर्धा तास उशिरा आलात, मला भट्टी सोडून निघता येईना. उशीर होणार असेल तर आधी फोन करा."

घरात इफिसकर 4:26 चा ("तुम्ही रागात असताना सूर्य मावळू नये") अर्थ रात्री अकराला भांडण मिटवायचा हट्ट असा घेऊ नका. "डोकं तापलंय, सकाळी चहा झाला की बोलू," असं सांगा आणि सकाळी खरंच बोला.

मारहाण किंवा लैंगिक छळ असेल तर मात्र एकटीने जाऊन बोलायचं नाही. कामावरचा लैंगिक छळ असेल तर कंपनीत अशा तक्रारींसाठी असलेल्या अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्या, घरातला असेल तर 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करा. पाळकांनीही अशा वेळी समेटाची घाई करू नये.