मुलींचा कॅम्प : अंबाडा आणि हेल्मेटचं काय करायचं? (शुक्रवारच्या आत ठरवायचं आहे)

प्रेषक : संयोजक, मुलींचे उपक्रम

नमस्कार मंडळी,

कॅम्पवाल्यांचं पत्र काल रात्री आलं. अकराही जागा पक्क्या, पण यादी आणि फॉर्म शुक्रवारी संध्याकाळपर्यंत द्यायचे आहेत. बेत गेल्या वर्षीचाच, सकाळी नृत्य आणि दुपारी घोडेस्वारी.

घोडं अडलंय ते पुन्हा केसांवर. नृत्याच्या वर्गात केस वर, घट्ट अंबाड्यात हवेत. तबेल्यात हेल्मेटखाली अंबाडा, क्लिप, टोकदार पिना यांपैकी काहीही चालत नाही. नृत्य 11:30 ला सुटतं आणि 12:10 ला घोड्यापाशी उभं राहायचं असतं. त्या 40 मिनिटांत डबा, कपडे, बूट आणि अकरा डोकी. गेल्या वर्षी पहिल्या दिवशी तिघी दुपारभर कुंपणाशी बसून राहिल्या. यंदा मला ते होऊ द्यायचं नाही. काय करता येईल ते कळवा.

प्रेषक : दोघींची आई

त्या तिघींत आमची थोरली होती. तिथे रडली नाही, पण रात्री अंथरुणात म्हणाली, "आई, मला घोडा नुसता बघायचा नव्हता." वर्षभर ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही.

अंबाडा मानेवर, खाली बांधला तर? धाकटीचा मी तसाच बांधते. घरी हेल्मेट घालून पाहिलं, बसतं.

प्रेषक : नृत्यवर्गाच्या ताई

अंबाड्याचा नियम कॅम्पचा आहे, माझा नाही, पण मी त्याच्या पूर्ण बाजूने आहे. तो दिसण्यासाठी नसतो. गिरकी घेताना मान आधी वळते आणि नजर एका बिंदूवर परत येते. सुटी वेणी त्याच क्षणी तोंडावर येते, नाहीतर शेजारणीच्या डोळ्यात जाते. मान मोकळी असली की शिकवणाऱ्याला खांदे उचलले गेलेले लगेच दिसतात. मानेवर अंबाडा असला की नेमकी तीच जागा झाकली जाते, आणि जमिनीवर पाठ टेकून करायच्या व्यायामात तो टोचतो.

आणखी एक, मनापासून सांगते. गेल्या वर्षीही तडजोड नृत्यानेच केली. दहा मिनिटं लवकर सोडलं म्हणजे शेवटचं ताणणं गेलं. दुसऱ्या दिवशी मुलींच्या पिंढऱ्या भरून आल्या होत्या. दर वेळी आम्हीच का सरकायचं?

प्रेषक : माजी अध्यक्ष

ताई, तुमचं म्हणणं रास्त आहे, पण हेल्मेटच्या बाबतीत सरकायला जागाच नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हेल्मेट कवटीवर बसायला हवं, केसांवर नाही. पुढची कड भुवईच्या वर दोन बोटांवर, पट्टा हनुवटीखाली असा की जेमतेम एक बोट जावं. मग मुलीला मान हलवायला सांगायचं. हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी हलली तर माप बरोबर. नुसतं हेल्मेट हललं तर ते पडताना डोक्यावर राहणार नाही. अंबाडा आत असला की हेल्मेट वर उचललं जातं आणि एका बाजूला कलतं. मग एकतर कपाळ उघडं पडतं, नाहीतर मागची बाजू. मानेवरचा अंबाडाही निर्धोक नाही, कारण हेल्मेटची मागची कड त्यावर टेकते आणि मान वर केली की हेल्मेट डोळ्यांवर येतं. धाकटीला घरी उभं करून पाहिलंत ना? आता खुर्चीवर बसवून छताकडे बघायला सांगा.

आणि त्या 40 मिनिटांबद्दल मला केसांपेक्षा जास्त काळजी घाईची वाटते. घोड्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, फक्त थेट पाठीमागचं आणि अगदी कपाळासमोरचं दिसत नाही. धावत आलेली मुलगी नेमकी तिथून उगवली तर तो बिचकतो, आणि बिचकलेलं जनावर लाथही झाडू शकतं. तंगसुद्धा, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, दोनदा आवळावा लागतो, कारण खोगीर चढवताना घोडं पोट फुगवून धरतं. मुलगी वर बसायच्या आधी पुन्हा तपासला नाही तर खोगीर कुशीवर फिरतं. या सगळ्याला शांतपणा लागतो. डबा तोंडात कोंबून पळत आलेल्या मुलीकडे तो कुठून येणार?

प्रेषक : खजिनदार

हेल्मेटवरून आठवलं. मंडळाच्या कपाटात सहा हेल्मेटं आहेत. सहा मुलींचा खर्च वाचेल. मापं कळवा, रविवारी काढून ठेवतो.

प्रेषक : नव्याने आलेले एक बाबा

आम्ही यंदाच मंडळात आलो. मुलीकडे सायकलचं चांगलं हेल्मेट आहे, नवंच आहे. तेच पाठवलं तर चालेल ना?

प्रेषक : डॉक्टर वहिनी

दोघांनाही नाही म्हणावं लागतंय. नाराज होऊ नका.

सायकलचं हेल्मेट वेगळ्या पडण्यासाठी बनवलेलं असतं. ते डोक्याची मागची बाजू पुरेशी खालपर्यंत झाकत नाही. घोड्यावरून पडताना डोकं उंचावरून येतं, आणि खाली खूर किंवा कुंपणाची कड असू शकते. म्हणून घोडेस्वारीच्या हेल्मेटची चाचणी सपाट पृष्ठभागाबरोबर कडेवर आपटूनही होते. आत ए.एस.टी.एम. एफ 1163 असं छापलेलं असतं, ते घोडेस्वारीच्या हेल्मेटचं अमेरिकी मानक आहे. कॅम्पच्या पत्रातही तोच आकडा आहे, एकदा पाहून घ्या.

कपाटातल्या सहांबद्दल : हेल्मेटच्या आत थर्मोकोलसारखा थर असतो. आघात झाला की तो दबतो, आणि दबूनच डोकं वाचवतो. पण दबलेला थर पुन्हा फुगत नाही. वरून टवका गेलेला नसला तरी आतून ते हेल्मेट संपलेलं असतं. त्या सहांतलं कुठलं पडलंय, कोणाच्या गाडीत उन्हात राहिलंय, याची नोंद कुठे आहे? शिवाय बनवणारे साधारण पाच वर्षांत बदला म्हणून सांगतात.

फॉर्मबद्दलही आत्ताच सांगते, नंतर धावपळ नको. धनुर्वाताच्या लसीची तारीख लिहा. तबेल्याच्या मातीत आणि लिदीत धनुर्वाताचे जंतू असतात, आणि खरचटणं तर होणारच. दम्याचा त्रास असलेल्या मुलीचा पंप तिच्याच खिशात हवा, सामानात नको. घोड्याचा कोंडा काहींना सोसत नाही, तेही लिहा, लपवू नका.

प्रेषक : खजिनदार

पटलं. नोंद नाही. त्यातली दोन तर मी खजिनदार होण्याआधीपासून आहेत. सहाही बाद करतो आणि पट्टे कापून टाकतो, म्हणजे पुन्हा कोणी उचलणार नाही. नवीन हेल्मेटं मंडळाच्या खात्यातून घ्यावीत असा प्रस्ताव मी स्वतः मांडतो. कोणाची हरकत असेल तर उद्यापर्यंत कळवा.

प्रेषक : दोघींची आई

काका, छताकडे बघायला लावलं. हेल्मेट नाकावर आलं. माझं म्हणणं मागे घेते.

पण ताई, एक गोष्ट तुम्हालाच विचारायची होती. थोरलीला गेल्या वर्षी शांत पोनी दिला होता, तरी तो सारखा वेग घ्यायचा. ती लगाम ओढून ओढून रडकुंडीला आली. शेवटी शिकवणाऱ्या बाईंनी तिच्या पायांकडे पाहिलं. पावलं बाहेर वळलेली, नृत्यात पहिल्या स्थितीत उभी असते तशी. त्यामुळे टाच पोनीच्या कुशीत रुतत होती. टाच म्हणजे त्याला "चल" हा हुकूम. ती एकीकडे लगामाने थांब सांगत होती आणि दुसरीकडे पायाने पळ. बिचाऱ्या मुक्या जनावराने काय करावं? पावलं सरळ, टाच खाली, एवढं केल्यावर दोन फेऱ्यांत तो शांत झाला. नृत्याची सवय घोड्यावर आड येते का?

प्रेषक : नृत्यवर्गाच्या ताई

आड येते, खरं आहे. आमच्याकडे मांडी खुब्यापासून बाहेर फिरवायला शिकवतात, आणि घोड्यावर गुडघा व पाऊल पुढे हवं. पण सवय दुरुस्त करता येते, कारण या मुलींना आपला पाय कुठे आहे ते न बघता कळतं. आणि सवय कामालाही येते. मी गेल्या वर्षी एक दुपार मुद्दाम तिथे थांबले होते. चालताना घोड्याची चार पावलं वेगवेगळी पडतात, चार मात्रा. दुडक्या चालीत एक पुढचा आणि त्याच्या तिरप्या बाजूचा मागचा पाय जोडीने पडतात, दोन मात्रा. त्यात एका मात्रेला खोगिरातून उठायचं आणि दुसरीला बसायचं. इतर मुली आपटत होत्या. आपल्या मुलींना मी कुंपणाबाहेरून टाळी देऊन मात्रा मोजायला सांगितल्या, आणि चौघींना त्याच फेरीत जमलं. पुढची चाल तीन मात्रांची, तिसऱ्या मात्रेनंतर चारही पाय क्षणभर हवेत. तिथली शांतता ऐकू येते. मी ती पुन्हा ऐकायला येणार आहे.

प्रेषक : माजी सांस्कृतिक कार्यवाह

ताईंनी छान लिहिलं. ऑलिम्पिकमध्येही घोड्याचं संगीतावरचं सादरीकरण 1996 पासून आहे, अटलांटापासून. तिथे स्त्रिया आणि पुरुष एकाच गटात एकमेकांविरुद्ध उतरतात, हे मला फार मोठं वाटतं.

मुलींना लिस हार्टेल यांची गोष्ट जरूर सांगा. डेन्मार्कच्या. 1944 मध्ये पोलिओ झाला, गुडघ्याखाली पायांत ताकद राहिली नाही. घोड्यावर चढायला-उतरायला मदत लागायची. 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाज प्रकारात, म्हणजे घोड्याकडून शिकवलेल्या हालचाली करून घेण्याच्या स्पर्धेत, स्त्रियांना पहिल्यांदा प्रवेश मिळाला, आणि त्यांनी पुरुषांच्या बरोबरीने उतरून रौप्यपदक घेतलं. 1956 मध्ये पुन्हा रौप्य. माझ्या पुतणीला गेल्या वर्षी पडल्यावर पुन्हा घोड्यावर बसवेना. तिला हीच गोष्ट सांगितली होती. त्या दिवशी बसली नाही, तिसऱ्या दिवशी स्वतःहून बसली.

मुलग्यांसाठीही असं काही काढावं का, हा वेगळा विषय आहे, पण कधीतरी घ्यावा.

प्रेषक : संयोजक, मुलींचे उपक्रम

मुलग्यांचं पुढच्या बैठकीत नक्की घेऊ. आज केस.

आत्ताच कॅम्पशी बोलले. आपल्या अकराजणींचा गट उलटा करायला ते तयार आहेत. 8:30 ला तबेला, 11 ला नृत्य. काका, ताई, दोघंही सांगा.

प्रेषक : माजी अध्यक्ष

मला तर सकाळच हवी. ऊन नसतं, माश्या कमी असतात, घोडी ताजी असतात. मुलींना खरारा करायलाही, म्हणजे घोड्याचं अंग घासून साफ करायलाही, वेळ मिळेल. ज्या घोड्यावर बसायचं त्याच्या अंगावरून आधी हात फिरायला हवा. कुठे दुखतंय, कुठे गाठ आहे ते हाताला कळतं, आणि त्यालाही आपला हात कळतो. घाबरणाऱ्या मुलीची भीती मी बहुतेक वेळा खराऱ्यातच जाताना पाहिली आहे, खोगिरावर नाही.

प्रेषक : नृत्यवर्गाच्या ताई

घोड्यावरून उतरलं की मांडीची आतली बाजू आखडते. तशीच उभी केली तर मुली खुब्यातून वळणारच नाहीत, गुडघ्यातून वळतील, आणि गुडघ्याचं नुकसान असंच होतं. तेव्हा माझी अट एकच : 10:30 ला सगळ्या खाली. त्यानंतरची वीस मिनिटं ताणायला माझी. ती कोणीही कापायची नाहीत. एवढं मान्य असेल तर माझा होकार.

प्रेषक : माजी अध्यक्ष

मान्य. 10:30 ला मी स्वतः घड्याळ घेऊन उभा राहतो.

प्रेषक : दोघींची आई

मग केसांचं सुटलं! काल दोघींवर करून पाहिलं. सकाळी मधे भांग पाडून खाली, मानेपासून दोन वेण्या. घट्ट, पण डोक्यावर सपाट. वरून हेल्मेट. मान हलवून पाहिलं, कपाळाची कातडी हलते. छताकडे पाहिलं, हेल्मेट जागच्या जागी. हेल्मेट काढल्यावर वेण्या सोडायच्याच नाहीत. दोन्ही वर घ्यायच्या, एकमेकींत फिरवून गुंडाळायच्या, जाळी चढवायची, चार पिना. घामाने केस जरा ओले असतात, त्यामुळे उलट छान बसतात. धाकटीचे चार मिनिटांत झाले. थोरलीचे तिने स्वतः केले आणि मग म्हणाली, "मी बाकीच्यांचेही करीन."

पिना आणि जाळ्या तबेल्यात न्यायच्या नाहीत. एका डब्यात घालून नृत्याच्या खोलीतच ठेवू. पहिले दोन दिवस मी येते, पुढच्यासाठी आणखी कोणी हवं.

प्रेषक : नव्याने आलेले एक बाबा

बुधवारी मी येऊ शकतो. मुलीची वेणी रोज मीच घालतो. हेल्मेटचं माप आज घेतलं, खजिनदारांना वेगळं पाठवतो.

प्रेषक : संयोजक, मुलींचे उपक्रम

उलटा गट पक्का कळवला. ताईंची वीस मिनिटं लेखी घेतली आहेत. गुरुवार-शुक्रवारच्या केसांसाठी अजून कोणी नाव दिलेलं नाही. नऊ फॉर्म आले. दोघींच्या फॉर्मवर धनुर्वाताची तारीख नाही, त्यांना आत्ता फोन करते.