क्रिमिनॉलॉजी शिकून पोरं काय करणार?

रामबागकर: सकाळी इथे कुणीतरी लिहिलंय, "क्रिमिनॉलॉजी (गुन्हेशास्त्र) म्हणजे बापाच्या पैशाची नासाडी, पोरांना सरळ एलएलबीला घाला." माझी भाची हाच विषय शिकतेय, म्हणून उत्तर देतोय. हे खूळ आजचं नाही. आपल्या मध्य प्रदेशातल्या सागर विद्यापीठात क्रिमिनॉलॉजी-फॉरेन्सिकचा विभाग १९५९ पासून आहे. १ जुलै २०२४ ला नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी तपास-खटल्यांचा कायदा, लागू झाली. तिच्या कलम १७६(३) प्रमाणे ७ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात घटनास्थळी फॉरेन्सिक तज्ज्ञ जायला हवा, राज्यांना ५ वर्षांची मुदत आहे. एवढी माणसं आणणार कुठून?

वकील_इंदूर: मीच लिहिलं, मागे घेणार नाही. लॅबमध्ये केमिस्ट्री-बायोलॉजीवालेही चालतात. फौजदाराला कुठलीही पदवी चालते. आणि वकिलीची सनद फक्त एलएलबीला मिळते.

जेलरोडवाला: नोकऱ्या राहू द्या, पंचांचं, म्हणजे झडती-जप्तीच्या साक्षीदारांचं, बोला! माझ्या काकांना पोलिसांनी दुकानातून उठवून जप्तीच्या कागदावर सही घेतली. "काही होत नाही" म्हणाले. काही वर्षांनी समन्स. उलटतपासणीत विचारलं, "जप्त हंड्याला कडी एक होती की दोन?" म्हातारा घामाघूम! तेव्हापासून आमच्या गल्लीत कुणी पंच व्हायला तयार नाही.

मनीषा: आता त्याच नव्या संहितेच्या कलम १०५ खाली जप्तीचा व्हिडिओ काढतात. पंचांची कटकट संपली.

जेलरोडवाला: कुठे संपली? कलम १०३ वाचा, झडतीला परिसरातले दोन साक्षीदार अजून लागतातच. अर्धवट वाचून लोकांना धीर देऊ नका!

मनीषा: ओरडू नका. व्हिडिओ असला की निदान कडी किती ते दिसेल.

वकील_इंदूर: दिसेल, पण कोर्टात टिकायला नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र हवं, हॅश व्हॅल्यूसकट, म्हणजे फाइल बदलली नाही हे तपासायच्या सांकेतिक आकड्यासकट. ते नसलं की मी पहिली हरकत त्यावरच घेतो.

रामबागकर: मग हे त्या हवालदाराला शिकवणार कोण? तुमची एलएलबी? साक्षीदार का फिरतो, पंच का घाबरतो, पुरावा कुठे बिघडतो, हाच तर भाचीचा अभ्यास आहे.

वकील_इंदूर: साक्षीदाराशी कसं वागायचं हे आम्हाला कॉलेजात कुणी शिकवलं नाही, एवढं मान्य. तरी आधी एलएलबी, मग हवं तर क्रिमिनॉलॉजीत एमए करू दे.

जेलरोडवाला: आणि काकांच्या बुडालेल्या दिवसांच्या गल्ल्याचं काय? त्यावर एकही जण बोलला नाही.