‘कप’, ‘वाटी’ आणि ‘पावभर’ : ३०० मिली दूध कसं मोजायचं?

प्रश्न : केकच्या कृतीत ३०० मिली दूध दिलंय. घरी मिलीच्या खुणांचं भांडं नाही. याचे कप किती होतील? आणि मराठीत कृती उतरवताना ‘कप’ऐवजी ‘वाटी’ लिहिलं तर चालेल का?

उत्तर : ताई, मापाचा कप २४० मिलीचा असेल तर बरोबर सव्वा कप. २५०चा असेल तर एक कप आणि वर तीन मोठे नि एक छोटा चमचा (मोठा १५ मिलीचा, छोटा ५चा). अमेरिकन कप सुमारे २३७ मिलीचा असतो, ऑस्ट्रेलियन २५०चा आणि तिकडचा मोठा चमचाही २०चा. म्हणून कृती कुठली आहे ते आधी बघा. वरणात दहा-वीस मिली इकडेतिकडे झालं तर बिघडत नाही, केकमध्ये बिघडतं.

‘वाटी’ मात्र नको. ‘एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी’ यात कुठलीही वाटी चालते, कारण दोन्हीला तीच वापरायची असते. ३०० मिलीला ती सोय नाही. आमटीची वाटी आणि श्रीखंडाची वाटी एकाच घरात वेगवेगळ्या मापाच्या असतात.

त्यापेक्षा आपल्या इंदुरातला ‘पाव’ किती छान! दूधवाल्याला ‘पावभर द्या’ म्हटलं की तो २५० मिली ओततो. जुना पाव शेराचा. ८० तोळ्यांचा शेर साधारण ९३३ ग्रॅम, त्याचा पाव २३३. १९५६च्या कायद्याने मेट्रिक मापं आली, शेर गेला, पाव टिकला. कृतीतही तोच लिहावा असं मला मनापासून वाटतं.

दुसरं उत्तर : दादा, बोलण्यात ‘पाव’ गोडच आहे, पण लिहिताना घोळ होईल. ‘पाव कप दूध’ म्हणजे ६० मिली. त्याच कृतीत ‘पावभर दूध’ आलं तर नव्याने शिकणाऱ्या मुलीने काय समजावं? ‘२४० मिली (१ कप)’ असंच लिहावं.

आणि ताई, घरातली वाटी एकदा मोजूनच ठेवा. डिजिटल वजनकाट्यावर रिकामी ठेवून काटा शून्यावर आणा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिली. दूध पाण्याहून किंचित जड आणि तेल हलकं, म्हणून पाणीच घ्या. भाताच्या इलेक्ट्रिक कुकरबरोबर मिळणारा कप केकला घेऊ नका, तो बहुधा १८० मिलीचा असतो.