सल्ला हवा: सारंगखेड्याहून आणलेलं मारवाडी शिंगरू सवारीसाठी कसं तयार करावं?

रानवाट
नमस्कार मंडळी. सारंगखेड्याच्या यात्रेतून मारवाडी शिंगरू आणलंय. कुमैत रंग, कपाळावर टिकली. विकणाऱ्याने तीन वर्षांचं सांगितलं. स्वभावाने शांत आहे, पण मोरखी (तोंडावरची दोरी) धरून चालवायला गेलं की खांद्याने ढकलतं, अंगावर येतं. मी क्लबातल्या तयार घोड्यांवर शिकलो आहे. दुडकी जमते, दौड अजून नाही. माझं वजन 74 किलो. शेजारचे म्हणतात, पाठीवर पोती टाका, नांगरलेल्या रानात दमवा, आठवड्यात बसाल. करू का?

टापवाला
पोती अजिबात नको. दमलेला घोडा ऐकतो असं वाटतं, पण तो शिकलेला नसतो. दम भरून आला की पुन्हा तेच. शिवाय कोवळ्या सांध्यांची वाट लागते ती वेगळीच. मणक्याची हाडं पुरती पक्की व्हायला पाच-सहा वर्षं लागतात.

आधी दात बघा. दुधाचे मधले दोन दात पडून पक्के येतात अडीचच्या सुमारास, त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. बाजारात वय वाढवून सांगणं नेहमीचंच.

ढकलण्याचा प्रश्न आधी सोडवा, बाकी सगळं त्यावर उभं आहे. डोक्याशी नको, खांद्याशी उभे राहा. दोरीला हलका ताण द्या आणि थांबा. ओढाओढी करू नका. त्याने पाऊल टाकायला खूर उचलला की त्याच क्षणी ताण सोडा. त्याला कळतं ते सोडण्यातून, ओढण्यातून नाही. एक सेकंद उशीर झाला तरी भलतंच शिकतो. मग मागे सरकणं, बाजूला होणं, चारही खूर उचलू देणं. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरे, आणि जमलेल्या गोष्टीवर थांबा. खरारा मात्र रोज स्वतः करा, नोकरावर सोडू नका.

लांब दोरीवर गोल फिरवायची घाई नको. लहान वर्तुळात सारखं पळवलं की पायांवर ताण येतो.

गोठा_ते_पागा
डॉक्टर म्हणून दोन गोष्टी सांगते. यात्रेतून आणलेल्या जनावराची ग्लँडर्सची रक्ततपासणी झाली नसेल तर आधी ती करून घ्या, तोवर दुसऱ्या घोड्यांपासून वेगळं बांधा. हा रोग माणसालाही होतो. धनुर्वाताची लस विसरू नका, घोड्यांना तो पटकन होतो. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, एकदम वाढवू नका. घोड्याला उलटी करता येत नाही, पोटशूळ उठला तर जिवावर बेततं.

रानवाट
मनापासून आभार. आज दात पाहिले. मधल्या दोनपैकी एक पक्का अर्धा बाहेर आलाय, दुसऱ्या जागी अजून दुधाचाच. म्हणजे अडीच?

टापवाला
हो, तेवढंच. चार वर्षं होईपर्यंत पाठीवर बसू नका. खोगिरासकट स्वाराचं वजन घोड्याच्या वजनाच्या 20 टक्क्यांच्या आत हवं हा ढोबळ नियम. 370 किलोच्या घोड्याला तुम्ही एकटेच तेवढे भरता, खोगीर वर. कोवळ्या पाठीला तर त्याहून कमीच.

तोवर त्याला रस्ता, ट्रॅक्टर, ओढ्याचं पाणी, फडफडणारं प्लास्टिक यांच्या जवळून हाताने फिरवा. साडेतीननंतर नुसतं खोगीर घाला. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, एकदम आवळू नका. एक भोक, चार पावलं चालवा, मग पुढचं भोक. पहिल्यांदाच चिमटा बसला तर जन्मभर तंग दिसला की पोट फुगवेल.

आणि पहिली सवारी तुमची नको. नवा स्वार तोल जाताच लगाम धरून लटकतो, आणि ते सगळं घोड्याच्या तोंडावर येतं. हलक्या अंगाचा, कसलेला स्वार शोधा. त्याच्याच देखरेखीखाली तुम्ही मोठ्या, निवांत घोडीवर दौड पक्की करा, वेळ भरपूर आहे.

रानवाट
असा माणूस ओळखायचा कसा? तालुक्यात दोघांची नावं कळली आहेत.

टापवाला
न सांगता जा. त्याच्या घोड्यांच्या ओठांचे कोपरे बघा, वण आहेत का. पागेत काटेरी लगाम टांगलेला दिसला तर तिथूनच परत फिरा; ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांवरील क्रूरता रोखणाऱ्या 1965 च्या नियमांनुसार त्यावर बंदी आहे. तो दारात आल्यावर घोडे पुढे येतात की भिंतीकडे सरकतात, तेही बघून ठेवा.